फळीवरचे डबे

परभणीच्या स्टँडवर, पार्सलच्या खिडकीला लागून
एक लाकडी फळी आहे. महामंडळाच्या कागदावर ती नाही.
सकाळी मुक्कामी गाड्या परततात,
झरीची, बोरीची, ताडकळसची,
आणि ड्रायव्हरच्या मागून उतरतात डबे.
पिशव्यांवर सुईदोऱ्यानं काढलेली नावं,
एकीवर नुसतंच ‘आमचा पप्या, बी. एस्सी.’
मी बत्तीस वर्षं हमाल. उचलला की सांगतो
आत पातळ कालवण आहे का कोरडं,
बाई घाईत होती का निवांत.

मुंजाजीचा डबा गंगाखेडच्या गाडीनं यायचा.
दसरा झाला, घराला कुलूप लागलं,
आईबाप टोळीसोबत कारखान्याच्या फडावर.
डबा थांबला.
पोरगा थांबला नाही.
रोज साडेआठला येऊन घोळक्यात उभा राहायचा
आणि आपल्याच दप्तरातून डबा काढून
हातात धरून जायचा, चारचौघांना दिसेल असा.
राहतो कुठं विचारलं की म्हणायचा, ‘वसमत रोडला.’
वसमत रोडला एक अभ्यासिका आहे.
महिना सहाशेत एक खुर्ची.
रात्री शेजारची ओढून घेतली की पाय लांब होतात.

एकदा गर्दीत त्याचा डबा मी सावरला,
पडेल म्हणून, सहज.
त्यानं माझ्याकडं पाहिलं.
मी गाडीच्या पाटीकडं पाहिलं.

भुकेल्याला जेव म्हणू नये एकदम.
त्याला आधी नाही म्हणावं लागतं,
मग ते ‘नाही’ दिवसभर सांभाळावं लागतं.
म्हणून खोटं बोललो :
‘ह्यो एक बेवारस पडलाय, ने बाबा,
दुपारपस्तोर आंबंल, मलाच घासावा लागंल.’
माझाच होता. भाकर आणि शेपूची भाजी.
त्याला शेपू आवडत नाही,
हे तो पुढं मार्चात बोलला.

पण एका हमालाची भाकर दोघांत किती दिवस?
संध्याकाळी रिकामे डबे गावाकडं जातात.
बोरीच्या चार डब्यांत चिठ्ठ्या टाकल्या,
कंडक्टर सुमित्राबाईंच्या अक्षरात :
‘एक भाकर जास्तीची घाला. कोणाला ते विचारू नका.’
दुसऱ्या दिवशी काहीच नाही.
तिसऱ्या दिवशी दोन डबे हाताला जड लागले.
एकात चिठ्ठीच्या मागं लिहिलं होतं,
‘लोणचं चालतं का त्याला?’
चौथा डबा आठवड्यानं बोलला :
‘आमचंच भागत नाही. अर्धी पाठवली हाय.’

त्या अर्ध्या भाकरीपुढं मी बराच वेळ बसलो.

मग तोंडं दिसायला लागली.
वसतिगृहाच्या यादीत नाव लागेना म्हणून
पालमहून रोज ये-जा करणारी नर्सिंगची शालन,
डी. एड.चा अफसर, जो स्टँडच्या नळावर
पाणी पिऊन पोट दाबून बसायचा.
आणि ज्यांची नावं मी विचारली नाहीत ते.
अकरा झाले.

कॉलेजचे एक सर आले, फोटो काढू म्हणाले.
म्हटलं, फळीचा काढा.
शिष्यवृत्ती कव्हा येते, सर?
प्रक्रियेत आहे, म्हणाले.
आणि तोवर?
त्यांनी चष्मा पुसला. चांगला माणूस होता,
जाताना शंभराची नोट फळीवर ठेवून गेला.
नोटेचं काय करावं मला सुचेना.
शेवटी मीठ-तिखट आणलं.

हे काही खरं नाही, मला कळतं.
गाडी बिघडली की अकरा जण उपाशी.
संपात तर तीन आठवडे फळी कोरडी होती,
तेव्हा कोण काय खात होतं, मी विचारलं नाही.
विचारायला पाहिजे होतं.

काल गंगाखेडच्या गाडीतून एक डबा उतरला.
फडावरून माणसं परतली असणार.
पिशवी नवी, नाव कोळशानं काढल्यासारखं : मुंजाजी.
तो परीक्षेला गेलेला, संध्याकाळपर्यंत येणार नव्हता.
मी डबा उघडला नाही. उघडायचा नसतो.
नुसता उचलून सावलीत ठेवला.
एकट्या पोराचा डबा एवढा जड नसतो.
सहा तरी असतील.