फक्त रीडिंग

पहिल्यानं हाकललं तेव्हा एप्रिल होता.
कूलरच्या टाकीत बादली ओतत होते, मेल आला:
तुमच्या सर्व्हरवरून चौदा तक्रारी.
खातं बंद. उरलेले पैसे मिळणार नाहीत.

चौदाच?
साडेतीन अब्ज दारांवर टकटक केली होती मी, एकेकदा.
आत गेले नाही, काही उचललं नाही.
एवढंच पाहिलं, कडी लावलेली आहे का.

दुसरा बुखारेस्टचा. त्यानं तीन दिवस चालू दिलं.
तिसरा म्हणाला, संशोधन? सगळे तेच म्हणतात.
चौथ्याच्या अटींत सतरावं कलम होतं,
ते वाचलं आणि न विचारताच परतले.
पाचवा म्हणाला, करा काय करायचं ते,
आम्ही तक्रारी उघडूनच बघत नाही. दर तिप्पट.
त्याच्याकडचे बाकीचे भाडेकरू पाहिले:
कार्डचोर, पासवर्डचोर, खंडणीवाले.
तिथून वाजवलं असतं दार, तर मलाही त्यांच्यातलीच धरली असती.
बरोबरच धरली असती.

खोली शोधतानाही अशीच फिरले होते,
त्रिमूर्तीनगर, खामला, मनीषनगर.
काय शिकता? पीएचडी. बाई हसल्या, पंखा लावला.
मग आडनाव.
रामटेके म्हटलं, आणि त्यांना आठवलं
की पुतण्या येणार आहे राहायला.
होस्टिंगवाले निदान कारण लिहून देतात.

बाबा मीटर रीडर होते.
गड्डीगोदाम ते टेका नाका, सत्तावीस वर्षं, पायी,
खांद्याला रेक्झिनची बॅग.
कुत्र्यांची नावं मालकांच्या आधी पाठ.
काहून आले बाप्पा, परवा तं येऊन गेलते!
बाई, फक्त रीडिंग.
एका घरी मीटरखाली वायर उघडी दिसली.
सांगितलं, तर तो माणूस अंगावर आला,
आमच्या घरात काहून पाहून राह्यले तुम्ही?
पुढच्या महिन्यात वायरला काळी टेप होती.
त्यानं काही म्हटलं नाही. बाबांनीही नाही.

जूनमध्ये सापडला एक. फिनलंडचा, दोन माणसांची कंपनी.
मी पानभर लिहिलं होतं: गाइडचं नाव, उद्देश, नीतिसमितीचं पत्र.
त्यानं एवढंच विचारलं,
तक्रार आली तर उत्तर कोण देणार, तू की मी?
मी.
रात्री आली तर?
तरी मीच.
मग वेग कमी ठेव, म्हणाला, आणि दारावर पाटी लाव.

लावली पाटी.
नाव, आडनावासकट. लॅबचा फोन. काय पाहतो, काय पाहत नाही.
खाली एक ओळ: नको असेल तर कळवा, पुन्हा येणार नाही.

बाबा गल्लीच्या क्रमानं जायचे.
मी चिठ्ठ्या उचलल्यासारखी जाते,
एक दार ओसाकात, पुढचं लिमात,
मग कुठलं तरी, कदाचित आमच्याच इंदोऱ्यातलं,
म्हणजे एका मोहल्ल्यातली कुत्री
एकदम भुंकणार नाहीत.

वगळायच्या यादीत आता दोनशे सहा नावं.
एका बँकेनं वकिलाच्या भाषेत शिवी दिली.
एका शाळेनं विचारलं, आम्ही पण शिकू शकतो का हे.

काल रात्री अडीचला
एका दवाखान्याचं एक्स-रे मशीन उघडं दिसलं.
कुलूप नाही, पासवर्ड नाही,
कुणाचीही छाती कुणालाही दिसावी असं.
मी पुढे गेले नाही. पत्ता लिहून घेतला, त्यांना कळवला.
सकाळी उत्तर:
तुम्ही कोण? आणि आमच्याकडे का बघताय?

बाबांना वाचून दाखवलं.
त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या नाही,
माझ्याच ओढणीच्या टोकानं पुसला.
रागावला म्हणजे वाचलं त्यानं, म्हणाले.
पुढच्या फेरीले पाहजो,
टेप लावली का.