नळ आल्याच्या दुसऱ्या दिवशी

‘मी दार ढकलते. काय दिसतं?’
लोपामुद्रानं हे लिहिलं त्याला आज एकोणीस दिवस झाले.
दार मिठाच्या बुरुजाचं.
बुरूज मीच बांधला, फेब्रुवारीत, एका रात्रीत,
आत काय ते नंतर बघू म्हणून.

नंतर आलं. आत काहीच नाही.

चौघं उभी आहेत उंबऱ्याशी:
मिरजेचा जुनैद, हातात कंदील;
चिपळूणची लोपामुद्रा, तलवार मोडलेली;
उदगीरचे बिरादार सर, भूगोलाचे, निवृत्त,
खेळात मात्र बारा वर्षांची चोरटी पोरगी;
आणि कृतांत, जो फक्त रात्री दोनला लिहितो
आणि ज्याच्यासाठी मी रात्री दोनला जागतो.

चार वर्षं मी ह्यांचा पाऊस, ह्यांचा राजा,
वाटेतला प्रत्येक नावाडी, प्रत्येक कुत्रं.
कुणी सराईत शिरलं
की सराईवाल्याला नाव मी द्यायचं, लंगडा पाय मी द्यायचा,
कोरड्यासाचा वास मी द्यायचा.
दिवसा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या गठ्ठ्यांवर वजन लिहितो,
रात्री ढगांची.
घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी हिंदी,
मराठी उरायची ती ह्यांच्यासाठी.
आता तीही उरेना.
फोन थरथरला की पोटात खड्डा पडतो,
उधारीवाल्याच्या चपला दारात दिसल्यासारखा.

परवा लिहिलं, ‘लाइट नाही.’
काल, ‘ताप आहे.’
सोलापूरचा मे महिना, खोटं लगेच पटतं.

सकाळी नायना रात्रपाळी करून आले.
कानात अजून मागाचा खडखडाट, म्हणून ओरडूनच बोलतात.
म्हटलं, नायना, मला सुचेनासं झालंय.
काय सुचत नाही ते विचारलं नाही त्यांनी.
कडक भाकरी मोडत म्हणाले,
‘ताण्याचा धागा तुटला की पत्ती पडते, माग थांबतो.
थांबत नाही तो माग वाईट.
वीतभर भोक विणून ठेवतो, आणि दुपारपर्यंत कळत नाही कुणाला.’
मग शेंगाचटणीवर तेल घेतलं
आणि महापालिकेला शिव्या सुरू केल्या:
पाचवा दिवस, नळ नाही.

गच्चीवर गेलो. टाकी वाजवली, पोकळ वाजली.
तिथंच लिहिलं, दुहेरी कंसात,
जिथं आम्ही कुणी पात्र नसतो:
‘ताप नव्हता. दारामागं काय आहे मला माहीत नाही.
तुम्ही नुसते उभे असता आणि मला तुमचा राग येतो.
ह्याची लाज वाटते.’

फोन उपडा ठेवला.
खालून कुणीतरी ओरडलं, ‘आलंऽ पाणी!’
गल्लीभर मोटारी सुरू झाल्या.
दीड तास बादल्या, पिंपं, कळश्या,
वहिनीनं चहाचं पातेलंसुद्धा भरून घेतलं.
ओल्या हातानं फोन उघडला.

बिरादार सर: ‘अहो, मला वाटलं तुम्हाला माझाच कंटाळा आला.’
जुनैद: ‘सराई माझ्याकडं द्या. लंगडेन मी.’
लोपामुद्रा: ‘नावाडी माझे. नदीही, चालत असेल तर.’
आणि कृतांत, भर दुपारी:
‘मी तसाही जागाच असतो दादा. तुम्ही झोपा.’
हे वाचून पायरीवरच बसलो.

ठरलं असं फार नाही.
‘पुढचं कधी?’ कुणी विचारायचं नाही.
नळ येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिहायचं, एकदाच.
(चिपळूण ह्यावर खूप हसलं.)
राजाला सुट्टी. पाऊस सरांकडं, भूगोलाचे आहेत.

आणि दार?
सर म्हणाले, ‘तुम्ही बाहेर का येत नाही? आमच्यात?’
चार वर्षांत मला पात्रच नव्हतं.
एक केलं. मल्लेशम. हमाल. पाठीवर रिकामं पोतं.
सर म्हणाले, पोत्यात काहीतरी असू द्या.
म्हटलं, नको.

काल नळ आला होता.
आज मल्लेशम चौघांच्या पुढं झाला.
‘मी दार ढकलतो,’ लिहिलं. ‘काय दिसतं?’

तीन ठिपके हलू लागले. थांबले.
पुन्हा हलू लागले.
कोण लिहितंय कळत नाही.
आत काय आहे, मला खरंच माहीत नाही,
आणि किती दिवसांनी
भूक लागलीय.