शेरा

लिंकन, नेब्रास्का. हॅवलॉक भागातलं घर,
रेल्वे कारखान्याचा भोंगा थेट उशाशी वाजायचा.
मी माडीवरच्या खोलीत, भाडं महिना बत्तीस डॉलर,
ज्वारीच्या मिजमाशीवर प्रबंध लिहीत होतो.
आणि खाली तळघरात, बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांत बसून
व्हर्ना टीटके
युद्धावरच्या पोरांचं घरच्यांशी बोलणं करून द्यायची.

पगार नाही. गणवेश नाही.
लष्कराचं एक पत्र, तेही पिठाच्या डब्याखाली दुमडलेलं.
पहाटे चारला रेडिओचे काचदिवे तापायचे,
धुळीचा करपट वास जिन्याने वर यायचा
आणि मला कळायचं, आज हवा चांगली आहे.
इथली नव्हे. इथे खिडकीवर बर्फ.
ती, दोनशे मैल उंचावरची,
जिच्यावर आपटत आपटत
व्हिएतनाममधला आवाज या तळघरात उतरतो.

नियम ती प्रत्येक आईला सांगायची,
खताचं प्रमाण सांगावं अशा सुरात:
एका वेळी एकानंच बोलायचं.
आपलं संपलं की म्हणायचं, ओव्हर.
मग मी खटका फिरवणार, मग तो बोलणार.
तीन मिनिटं. मागे रांग आहे.
आणि हो, मला सगळं ऐकू येतं. त्याला इलाज नाही.

मी जिन्यात बसून ऐकायचो. त्याला इलाज होता.

'गाय व्याली का? ओव्हर.'
'व्याली. कालवड झाली. तू जेवतोस ना? ओव्हर.'
प्रेमाचं काही म्हणताना पोरं आवाज खाली आणायची,
पुढचं ओव्हर मात्र खणखणीत, कवायतीतलं.
एकदा कुणाचं तरी ठरलेलं लग्न मोडलं,
दोन्हीकडून ओव्हर म्हणून, रीतसर.
व्हर्नानं खटका फिरवला, परत फिरवला,
मग कपातली गार कॉफी मोरीत ओतली.

फेब्रुवारीतली एक पहाट. ओगलालाच्या रूबी होलुब.
'मॉम, मी ड्वेन. बरा आहे. उजवा पाय वाचलाय. ओव्हर.'
खटका.
ओगलाला गप्प.
नुसता श्वास, तोही तुटक.
'मिसेस होलुब, बोला. झालं की ओव्हर म्हणा.'
नाही.
दहा सेकंद. वीस. मी जिन्याचा कठडा धरून मोजत होतो.
व्हर्नानं खटका फिरवायला हवा होता,
लहर विरत चालली होती, मागे रांग होती.
नाही फिरवला. हात त्यावर ठेवून बसून राहिली
आणि पॅसिफिक ओलांडून गेलं ते एक स्वयंपाकघर:
नळाचं ठिबकणं,
खुर्ची सरकल्याचा आवाज,
दारावर बाहेरून नखं घासणं,
मग भुंकणं, तीनदा, आत घ्या म्हणून.
तेव्हा त्या आईच्या वतीनं
व्हर्नाच म्हणाली, चोरी केल्यासारखं हळू:
ओव्हर.

पलीकडे खरखर. बराच वेळ खरखर.
मग: 'बस्टर ऐकला. ओव्हर.'

माझं पत्र तेव्हा घरी पोचायला पंधरा दिवस घ्यायचं.
त्या सकाळी मिजमाशी बाजूला ठेवून आईला लिहिलं,
आपल्याकडे सकाळी काय काय वाजतं ते कळव.
उत्तर एप्रिलात आलं:
'वाजायचंय काय, नेहमीचंच. कावळे.
तुझा निळा सदरा धाकट्याला देऊ का?'

नोंदवही व्हर्ना नीट ठेवायची.
तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, आवाज किती स्वच्छ.
कोण काय बोललं ते लिहायचं नाही, हाही नियमच.
जून महिन्यात खोली सोडताना ती वही मी चाळली.
त्या पहाटेच्या ओळीत
शेऱ्याचा रकाना, एरवी कायम कोरा,
त्यात पेन्सिलीनं बारीक:
कुत्रा. स्पष्ट.