इतर, नमूद करा

वसमतच्या मोंढ्यामागं माझा दवाखाना.
हळदीच्या दिवसांत बीपीचा पट्टासुद्धा पिवळा पडतो,
संमतीपत्रावर शाईच्या आधी
हळदीचा अंगठा उमटतो.

आम्ही बेचाळीस डॉक्टर,
कुणी भोकरचा, कुणी गेवराईचा, उदगीरच्या एक बाई.
एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत,
पण रोज रात्री शटर अर्धं ओढून
सगळे एकच फॉर्म भरतो.
मोठ्या इस्पितळापर्यंत जो पोचतच नाही
त्याचा आजार कुणी मोजलेला नाही, म्हणून.
असं मी सांगतो.
खरं तर एकवीस वर्षं
स्वतःचंच मत स्वतःला विचारून कंटाळलो होतो.

रकाना चार. त्रास किती दिवसांपासून? आकड्यात लिहा.
"हळद शिजवायला घेतली तवापासून."
"धाकटीला मूळ आलं, त्याच्या आदल्या बाजारी."
"लई दिस झाले बगा, मोजायचं काय त्यात."
मुंजाजी, माझा कंपाउंडर, बोटांची पेरं मोजतो
आणि म्हणतो, लिवा एकसष्ट.
मी लिहितो, एकसष्ट.
इतक्या खात्रीनं मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

केवळाबाईचा नंबर शून्य दोन सात.
रस्त्यापलीकडच्या आडतीवर हळकुंडं निवडते.
गोळी रोज घेता?
घेते.
काल?
घेतली.
परवा?
घेतली की.
पट्टा फुगायचा, हवा सुटायची,
ठोका एकशे ऐंशीलाच कानावर यायचा.
मी डोस वाढवला
आणि 'नियमित' या शब्दाला गोल केला.
सहा महिने, सहा गोल,
माझ्या हातचे, सुबक.

मग ती यायची थांबली.
तीन भेटी चुकल्या की कॉम्प्युटर आपल्या मनानं लिहितो :
संपर्क तुटला.

कसला तुटलाय संपर्क!
दवाखान्याच्या पायरीवरून तिचं सूप दिसतं मला.
नजरानजर झाली की ती पदर पुढं ओढते,
उधारी थकलेलं माणूस
दुकानावरून जाताना ओढतं तसा.

गुरुवारी मीच गेलो. पोत्यावर बसलो.
ती निवडत राहिली,
हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"एक दिसाआड खायची मी गोळी.
मालकाला बी तीच लागू पडती,
एका पाकिटात दोघं भागवायचो.
पर तुमी लिवायला बसले की
लई आशेनं बगता माझ्याकडं.
घेतली म्हणलं की तोंड खुलायचं तुमचं.
किती बार लबाड बोलावं मानसानं, डाक्टरसाब?"

रात्री सहाही गोलांवर एकेक रेघ मारली.
शेजारी सही, तारीख.
ऑफिसातून अर्शिया मॅडमचा फोन आला :
सर, एका पेशंटनं आलेख हलत नाही.
बरोबर आहे. नाही हलत.
मी विचारलं,
बाकीच्या एक्केचाळीस जणांची तोंडं कधी खुलतात
ते कुठल्या रकान्यात आहे?
पलीकडं नुसता पंख्याचा आवाज.
मग हळूच, जणू कुणाची चहाडी करावी तशा म्हणाल्या,
उदगीरच्या बाईंनीही मागच्या महिन्यात
सगळे गोल खोडून पाठवलेत.

फॉर्मच्या तळाशी 'इतर, नमूद करा',
पुढं दीड इंच जागा.
मी लिहिलं : डॉक्टरला बरं वाटावं म्हणून.
जागा पुरली.

शटर खाली ओढताना लक्षात आलं,
त्या मालकाचा बीपी कुणीच कधी मोजलेला नाही,
आणि मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही.
मुंजाजीला म्हटलं,
सकाळी पट्टा पिशवीत घाल.
फॉर्म राहू दे.