पॉइंट फोर सेव्हन

रुवीत, मुराद बलोचच्या दुकानामागं,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं तिथं माझं टेबल.
दिवसभर लोकांचे फोन उघडतो.
रात्री दहानंतर टेबल माझं एकट्याचं.

पेपरमिंटची पत्र्याची डबी. तीत नऊ व्होल्टची बॅटरी,
आठ पायांची चिप, आवाजाची चकती,
आणि दोन जागा अजून मोकळ्या,
डाव्या कानाची एक, उजव्याची एक.
तिथं कुठला कपॅसिटर बसवायचा, यात तीन रात्री गेल्या.

काम तसं काउंटरवरच्या माणसाचं:
थांबून राहिलेली वीज आली, मागं फिरव.
थरथरत आली, जाऊ दे.

सिरॅमिक मसुराच्या डाळीएवढा, पण टिचकी मारा,
स्वतःच बोलायला लागतो. असला मध्यस्थ नको.
इलेक्ट्रोलायटिकच्या पोटात जागा भरपूर;
पण इथल्या उन्हाळ्यात आतून वाळत जातो,
बाहेरून वर्षानुवर्षं कळत नाही.
पॉलिप्रॉपिलीनचा थेट फणसाच्या आठळीएवढा.
आठळ्या काय, डबीत मावतात होय?

शेवटी पॉलिस्टरचे दोन बारके टाकले, पॉइंट वन.
सुधीरननं त्याची गाणी ऐकली. म्हणाला, एकदम क्लिअर.

मग मी माझी फाईल लावली.
शिमग्याच्या आधी पुतण्यानं होडीवर फोन धरून
केलेली, अकरा मिनिटांची.
कुरव ओरडले. दोर करकरला.
बाबांचा खोकला आला, मागोमाग
"आरं, डावीकडं घे."
इंजिन नाही आलं.

अकरा मिनिटं इंजिनाशिवाय
ती माणसं हर्णैच्या पाण्यावर पुढं पुढं जात राहिली.

घरी पैसे पाठवल्याच्या पावतीमागं हिशेब मांडला.
चकती दहा किलोओहमची, कपॅसिटर पॉइंट वन:
एकशे एकोणसाठ हर्ट्झच्या खाली उतार लागतो.
भिंत नसते ती. उतारच असतो,
पण आमचं दोन सिलिंडरचं इंजिन
तिशी-पस्तिशीत बोलायचं. पार तळाला राहिलं.
(चकती शंभरची लावली असती तर भागलं असतं,
पण मग फुसफुस वाढते. करून पाहिलं.)

पॉइंट फोर सेव्हन. चौतीस.
दुसऱ्या रात्री दोन्ही बसवले, बॅटरीच्या कुशीत आडवे,
पाय वाकवून. झाकण लागेना.
रबरबँड लावला.

होडी गणपतीनंतर दाभोळच्या कुणाला तरी दिली.
इंजिन त्यानं नको म्हटलं,
ते किलोवर गेलं.

पहिल्यांदा दाढेत आलं, कानात नंतर.
धुक् धुक्, मध्येच एक ठोका गाळून,
डिझेलमध्ये पाणी असलं की गाळायचं तसा.
सुधीरनला एक कान दिला.
त्यानं चमकून एसीकडं पाहिलं.

मी उठून एसी बंद केला.