खुर्दा

पाचपाखाडीच्या त्या हॉलमध्ये काल कुणाची तरी मुंज झालेली.
झेंडूचं तोरण दारावर तसंच,
टेबलांखाली अक्षता.
मी शिरलो साडेनऊलाच, शटर अर्धं वर असताना, वाकून.
वर्षातून एकदा भरतो हा बाजार:
बोटाच्या पेराएवढ्या फौजा,
अर्धवट रंगवून सोडलेल्या पलटणी,
कुणाचा तरी उतरलेला नाद, निम्म्या किमतीत.

खिशात आठशे. कुंदाने मोजून दिलेले
(चौतीस वर्षं कॅशियर होतो मी, तरी मोजून).
मला हवे होते उंट.
पाठीवर तोफ लादलेले, अकरा.
अकरा उंटांवाचून माझं पानिपत
तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर अडलंय
आणि आम्ही दोघं खाली सतरंजीवर जेवतो.

हवं ते आधी बघायचं नाही.
आधी रणगाड्यांपाशी रेंगाळायचं,
एखादं विमान उचलून पंखावर फुंकर मारायची,
नुसतं "हं" म्हणायचं.
मग जाता जाता, भाजीवर कढीपत्ता मागावा तसं,
"उंट काय दिले?"

रेजी कुरियन नेरुळहून येतो. आधी जहाजावर होता.
मराठी माझ्याहून स्वच्छ बोलतो आणि भाव सोडत नाही.
"दीडशेला एक."
म्हटलं, ह्याला मागचा पाय नाही.
"काका, बसलेला दाखवा."
म्हटलं, ह्याला मानच नाही.
"मग पानिपताला शोभेलच की."
मी हसलो. तिथंच हरलो.
हसलेल्या गिऱ्हाइकाला कुणी दहा रुपयेही सोडत नाही.

टेबलाखाली चपलांचा एक खोका होता.
कुठलाही घ्या, दहा रुपये.
उकिडवा बसलो, गुडघा वाजला.
पायदळ. साधं, भालेवालं.
मनात हिशेब: रात्रभर थिनरमध्ये बुडवायचे,
सकाळी पागोटी बदलायची,
दुपारपर्यंत कुणाच्याही बाजूने लढतील.

एक उलटा केला.
बुडाशी बॉलपेनने, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत: सटवा.
दुसरा: दाजी.
तिसरा: कोंडू, डावरा.
मग: म्हाळू दुसरा.
पहिला म्हाळू मी खोका पालथा घालून शोधला.
नाही.

"कुणाचे हे?"
कुरियनने खांदे उडवले.
कळव्याच्या भंगारवाल्याकडून उचलले म्हणे,
वजनावर.

शाळेत पाठ होता तो निरोप:
मोती किती गळाले, मोहरा किती हरपल्या,
आणि खुर्द्याची तर गणतीच नाही.
घडाघडा म्हटला म्हणून गुरुजींनी पाठ थोपटली होती.
पुढे काउंटरच्या जाळीमागे बसून
जन्मभर मी खुर्दाच मोजला.
एकदा चार आणे लागेनात, तर रात्री आठपर्यंत
मॅनेजरला घरी जाऊ दिलं नव्हतं.

तेव्हा मोजले.
माणसांच्या दहा-दहाच्या चळती होत नाहीत, भाले आडवे येतात.
ओळीने उभे केले टेबलाच्या कडेला.
दोनदा मोजले. सत्तावन्न.

"पाचशेत घेऊन जा सगळे," कुरियन आपणहून म्हणाला.
"पाचशे सत्तर," मी म्हटलं.
"काका, मी कमी करतोय."
"कळलं. पाचशे सत्तर."
त्याने पैसे घेतले, पण मोजले नाहीत.
मला ते आवडलं नाही.

घरी कुंदाने पिशवी उघडली.
"उंट?"
"नाही मिळाले."
"मग हे कोण?"
मी काही बोललो नाही, हातपाय धुवायला गेलो.

रात्री बघतो तर चष्मा लावून बसलेली,
तांदूळ निवडावेत तशी एकेकाला उलटा करून वाचत,
आणि टेबलाचा एक कोपरा मोकळा केलेला.
एकाच्या बुडाशी नुसतं प्रश्नचिन्ह आहे.
लिहिणाऱ्याला सुचलं नसेल, किंवा आठवलं नसेल.
तिथे ती थांबली. दिव्याखाली धरून पाहिलं.
"आणि ह्याला,"
ती म्हणाली,
"जेवायला हाक कशी मारायची?"