अधिक्रमित

रात्री अकरा वाजून बारा मिनिटांनी
मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर पीडीएफ पडते.
वाकडी स्कॅन केलेली, सहीवर कुणाच्या अंगठ्याची सावली.
'उपरोक्त विषयास अनुसरून' इथवर मी उभी असते,
'अधिक्रमित करण्यात येत आहे' इथं येईतो
पलंगाच्या काठावर बसलेली.

सोमवारी पाचवी ते आठवी, असं ठरलं होतं.
आता फक्त आठवी. तीही सम हजेरी क्रमांक.
विषमांचं काय, ते परिशिष्ट ब मध्ये.
परिशिष्ट ब जोडलेलं नाही.

पाचपावलीतल्या आमच्या शाळेला सात खोल्या,
त्यातली एक शिध्याच्या तांदळाची.
एकशे एक्क्याण्णव पोरं. चार नळ,
पैकी दोन टँकरच्या मर्जीवर.
कागद पुण्याहून निघतो तेव्हा तिथं ढग असतात म्हणे.
इथं जून सरत आला तरी
तापाची बंदूक भिंतीवर धरली की एकशे चार.
भिंतीलाही घरी पाठवावं लागेल, चौदा दिवस.

हेडाऊंनी पटांगणात गोल आखले, सहा फुटांवर एक, चुन्याचे.
ते शिपाई, पण घरात माग होता त्यांच्या,
दोरी धरली की रेघ हलत नाही.
मग आलं, तीन फूट चालेल.
त्यांनी पिवळा ऑइलपेंट आणला, स्वतःच्या पैशानं.
मग आलं, पुन्हा सहा.
उरला होता गेरू.
आता गोलात गोल, गोलावर गोल,
एक मूल उभं केलं तर तीन आदेशांत उभं राहील.
"मॅडम, कोन्त्या गोलात ठेवू पोट्ट्यायले?"
थांबा, म्हटलं, फोन लावते.
निरीक्षक म्हणाले, वर विचारून सांगतो.
वर कुठपर्यंत असतं, हे मला
सव्वीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं नाही.

संमतीपत्रावर धकाते बाईंनी सही केली,
पापडाच्या पिठानं कोपरा पांढरा झाला.
मग कागद उलटून पाहिला.
"माही सही झाली. याच्यात तुमची कुठी हाय?"

आज सोमवार. सव्वासात.
फाटकाशी रुचिका निमजे, सातवी, हजेरी क्रमांक सतरा.
स्कर्टची शिवण दोनदा उसवून सोडलेली, तरी आखूड.
"तुमीच तं सांगतलं होतं ना, मॅडम."
आईचा तडकलेला फोन पुढं करते.
त्यात माझाच आवाज, मागच्या बुधवारचा, केवढा खात्रीचा:
सोमवारी नक्की यायचं. डबा नको. पाणी आणायचं.
तिनं पाणी आणलं आहे.

सातवी नाही. सम नाही.
आत घेता येत नाही.
परत पाठवायचं तर
माझ्याच आवाजाला खोटं पाडायचं, तिच्यासमोर.

मी खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर
कडुनिंबाखाली ठेवली.
रस्त्याबद्दल कागदात काही नव्हतं,
किंवा परिशिष्ट ब मध्ये असेल.
हेडाऊंनी खडूनं एक गोल काढला,
न मोजता, जरा वाकडाच.
ती त्यात मांडी घालून बसली.

सतराचा पाढा म्हण, म्हटलं.
सतरा एके सतरा पासून ती भरभर निघाली,
साताशी आली आणि अडकली.
मास्क आत-बाहेर होत राहिला.
पर्समध्ये फोन थरथरला. पुन्हा थरथरला.
"मॅडम," हेडाऊ म्हणाले, "आलं वाट्टे काही."
असू द्या.
सतरा आठे?